उघड्या धारेवरून शिखराकडे: तयारी, चढाई आणि उतरण

ठाणे आणि नवी मुंबईतल्या डोंगरभटक्यांची वाटचाल बहुधा एकाच क्रमाने होते. येऊर, पारसिक किंवा खारघरच्या टेकड्यांपासून सुरुवात होते, मग माहुली, गोरखगड, कलावंतीण ही नावे येतात आणि काही वर्षांनी हिमालयातले एखादे शिखर खुणावू लागते. या क्रमात केव्हातरी असा टप्पा येतो की जेथे दमसास आणि पायांतली ताकद एवढ्यावर भागत नाही. दोन्ही बाजूंना खोल दरी असते, मध्ये दोन-तीन फुटांची किंवा त्याहूनही अरुंद धार असते आणि ती पार केल्याशिवाय माथा गाठता येत नाही. गिर्यारोहक ज्याला दृष्टिभय (खालची खोली पाहून वाटणारी भीती) म्हणतात ते येथे पहिल्यांदा पूर्णपणे अंगावर येते. अशा धारेवर जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. दोराशिवाय, किंवा फार तर एखाद्या ठिकाणी दोर लावून, पार होणाऱ्या धारांपुरतेच ते आहे. सुळके आणि कडे चढणे हा वेगळा विषय आहे.

सर्व तयारीच्या मुळाशी मी एकच नियम ठेवतो: ज्या पावलावरून मागे फिरता येणार नाही, ते पाऊल पुढे टाकायचे नाही. चढताना डोळे आणि हात एकाच दिशेला असतात, त्यामुळे पकडी दिसतात आणि माणूस आपल्या कुवतीपेक्षा थोडा वरपर्यंत सहज जातो. उतरताना मात्र पाय जेथे टेकायचा ती जागा स्वतःच्याच शरीराआड जाते, पाय थकलेले असतात आणि माथा गाठल्यामुळे मन सैल पडलेले असते. १४ जुलै १८६५ रोजी आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखरावर प्रथमच माणूस पोहोचला तेव्हा सातही जण माथ्यावर सुखरूप होते. उतरताना एकाचा पाय घसरला, एकाच दोरात बांधलेले इतर खेचले गेले, दोर तुटला आणि चौघांचा मृत्यू झाला. त्यानंतर साधने कितीतरी सुधारली, पण उतरणीचा धोका तसाच आहे. म्हणून धारेवरच्या प्रत्येक अवघड जागी, पुढे जाण्याआधी, आपण येथून खाली कसे येऊ याचे उत्तर मनात तयार असले पाहिजे.

धार निवडताना केवळ «मध्यम» किंवा «कठीण» अशा शेऱ्यांवर विसंबू नये. आपल्याकडे हे शेरे अंतर, चढ, पाण्याची टंचाई आणि दृष्टिभय यांची सरमिसळ करून दिलेले असतात. स्वित्झर्लंडच्या अल्पाइन क्लबने पायवाटांसाठी टी१ ते टी६ अशी सहा पायऱ्यांची श्रेणी केलेली आहे. तिच्यात टी४ पासून जागोजागी हातांचा आधार घ्यावा लागतो आणि वाट उघडी, म्हणजे बाजूला थेट दरी असलेली, असते, हे श्रेणी वाचताच समजते. आपल्या डोंगरांसाठी हीच माहिती प्रश्न विचारून काढावी लागते. उघडा भाग किती लांब आहे, तेथे कोरीव पायऱ्या आहेत की नुसता कातळ, घसारा (सुट्या दगड-मातीचा निसरडा उतार) कोठे आहे, मध्येच खाली उतरण्याची वाट आहे का, आणि सर्वांत अवघड जागा सुरुवातीला आहे की माथ्याजवळ, हे प्रश्न नुकतेच तेथे जाऊन आलेल्या माणसाला आणि पायथ्याच्या गावात विचारावेत. अवघड जागा माथ्याजवळ असेल तर ती थकलेल्या पायांनी दोनदा ओलांडावी लागणार, हे गृहीत धरूनच वेळ आखावी.

शहरात राहून करता येण्याजोगा सराव बराच आहे. घोडबंदर रोडवरच्या तीस मजली इमारतीत एकदा जिना चढला की साधारण ९० मीटर उंची होते, म्हणजे दहा फेऱ्यांत एका मोठ्या गडाएवढी चढाई होते. परंतु उतरताना लिफ्ट वापरणारे सरावाचा अर्धा आणि अधिक महत्त्वाचा भाग गमावतात. मांडीच्या पुढच्या स्नायूंना शरीराचे वजन सावरत हळूहळू खाली सोडण्याची सवय उतरूनच लागते, आणि धारेवर परतताना गुडघे थरथरतात ते याच सवयीच्या अभावी. तोल सुधारण्यासाठी बागेतल्या वाफ्याची सहा इंच रुंदीची, जमिनीपासून वीतभर उंच कड पुरेशी आहे. तिच्यावरून नजर पाच-सहा फूट पुढे ठेवून चालावे, मग भरलेली पाठपिशवी घेऊन चालावे, मध्येच खाली बसून उठावे, आणि शेवटी न उतरता वळून परत यावे. वळण्यातच बहुतेकांचा तोल जातो, म्हणून त्याचा सराव सर्वांत जास्त करावा.

कातळाची सवय लावण्यासाठी बेलापूर आणि मुंब्रा येथील खडक जवळ आहेत. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगच्या (दोराशिवाय कमी उंचीचे टप्पे चढण्याच्या) विश्वचषक स्पर्धा भरल्या होत्या, त्यामुळे या भागात प्रस्तरारोहण शिकवणारी आणि करणारी मंडळी सापडतात. त्यांच्याबरोबर जाऊन आठ-दहा फुटांचा सोपा टप्पा चढावा आणि उडी न मारता, आलो त्याच पकडींनी खाली यावे. जो टप्पा सहज चढता आला तो उतरताना किती वेगळा भासतो, हे तेथे दहा फुटांवर कळलेले बरे.

त्यानंतर प्रत्यक्ष डोंगर. गोरखगड आणि कलावंतीण येथे कोरीव पायऱ्या असल्यामुळे पाऊल ठेवायला निश्चित जागा मिळते आणि दृष्टिभयाशी ओळख तुलनेने सुरक्षितपणे होते. कलावंतीणला शनिवार-रविवार टाळावा. अरुंद पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की कडेच्या बाजूला उभे राहण्याची वेळ येते, आणि ही गर्दीच तेथला मोठा धोका आहे. पुढची पायरी म्हणून मी चंदेरी सुचवतो. वांगणीजवळच्या चिंचवलीतून नाळेने (अरुंद, उभ्या घळीने) खिंडीत चढावे, तेथून गुहेपर्यंत यावे आणि गुहेपुढच्या निमुळत्या माचीवर जावे. पायऱ्यांचा आधार नसताना मोकळ्या धारेवर चालणे म्हणजे काय, हे तेथे नीट समजते. वरचा सुळका मात्र प्रस्तरारोहणाचा आहे. त्याला दोराशिवाय हात लावू नये.

ऋतूच्या बाबतीत सवलत घेऊ नये. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे बसाल्टवर, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या कातळावर, शेवाळाचा पातळ थर असतो, तो कोरडा दिसला तरी बुटाखाली साबणासारखा सरकतो. पावसाने फुगलेली माती आणि मुरूम केव्हा सुटेल याचा अंदाज बांधता येत नाही; १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली, ही घटना आपल्यापासून किती जवळ घडली हे विसरता कामा नये. धारेसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य आहे, मात्र त्या दिवसांत उतारावरचे वाळलेले गवत दगडापेक्षा अधिक निसरडे असते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर विजांचा कडकडाट होऊ शकतो, आणि धारेवर उभा असलेला माणूसच आसपासची सर्वांत उंच वस्तू असतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हे सेकंद तीसपेक्षा कमी भरले तर धार सोडून खाली उतरलेले असावे. तेवढा अवधी मिळालाच नाही तर लोखंडी साखळ्या आणि कठड्यांपासून दूर, एकमेकांत अंतर ठेवून, पाय जुळवून पाठपिशवीवर उकिडवे बसावे. कपारीच्या तोंडाशी आसरा घेऊ नये.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. डोक्यावर शिरस्त्राण असावे, कारण वरच्या माणसाच्या पायाखालून निसटलेला लिंबाएवढा दगडही पुरेसा असतो. बुटांचा तळ कडेला कडक आणि पकड घेणारा असावा, आणि ते बूट आधी वापरलेले असावेत. पाठपिशवी लहान, अंगाला घट्ट बसणारी असावी आणि बाहेर काहीही लोंबकळत नसावे. आडवी बांधलेली चटई कातळाला अडकून माणसाला बाहेर ढकलते. धार सुरू होण्याआधी काठ्या घडी करून आत ठेवाव्यात. सह्याद्रीत माणशी तीन ते चार लिटर पाणी, डोक्यावरचा विजेरी दिवा, एक जास्तीचा उबदार थर आणि शिट्टी एवढे कोणत्याही परिस्थितीत जवळ असावे. अत्तर आणि तीव्र वासाची तेले घरीच ठेवावीत. आपल्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात आणि धारेवर मधमाशांपासून पळायला जागा नसते. याच कारणासाठी वर धूर किंवा आरडाओरडा करू नये.

वेळेचा हिशेब घरूनच कागदावर मांडावा. पाच किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाईला आणखी एक तास, हा १८९२ साली स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथ यांनी घालून दिलेला ठोकताळा पायवाटेसाठी आजही उपयोगी पडतो, पण उघड्या धारेवर तो लागू पडत नाही. तेथे अर्धा किलोमीटर जाण्यास पाच जणांच्या गटाला तासभर लागू शकतो, आणि परतताना तेवढाच किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून अंधार पडण्याच्या वेळेवरून उलटी गणना करून मागे फिरण्याची वेळ ठरवावी आणि ती निघण्यापूर्वी सर्वांना मोठ्याने सांगावी. ती वेळ झाली की माथा पन्नास पावलांवर असला तरी वळावे. वर पोहोचल्यावर हा निर्णय घेऊ म्हटले तर तो घेतला जात नाही.

धारेवर पाय ठेवल्यावर

धार सुरू होते तेथे पाच मिनिटे थांबावे. पाणी प्यावे, बुटांच्या नाड्या पुन्हा बांधाव्यात, भ्रमणध्वनी आणि कॅमेरा पिशवीत बंद करावा आणि पुढचा जेवढा भाग दिसतो तेवढा नजरेने वाचून काढावा. नवख्यांचा पहिला कल धारेच्या थोडे खाली, बाजूच्या उतारावरून जाण्याकडे असतो, कारण तेथून पलीकडची दरी दिसत नाही. परंतु सुटे दगड, माती आणि गवत घसरून याच बाजूंवर साचतात, तर खुद्द धारेवरचा कातळ बहुतेक ठिकाणी टणक असतो. बाजूची ठळक दिसणारी वाट पुष्कळदा इतरांच्या चुकण्यातून पडलेली असते आणि घसाऱ्यात जाऊन संपते. त्यामुळे वेगळे कारण नसेल तर माथ्याच्या रेषेवरूनच चालावे.

पाऊल टाकण्याची रीत शांतपणे शिकण्यासारखी आहे. कातळाच्या अरुंद कडेवर उभे राहायचे असेल तर बुटाची आतली कड, अंगठ्याच्या बाजूची, त्या कडेवर टेकवावी आणि टाच पायाच्या पातळीत किंवा किंचित खाली ठेवावी. टाच वर उचलली गेली की पोटरीवर सगळा ताण येतो आणि मिनिटभरात पाय शिवणयंत्राच्या सुईसारखा वरखाली थरथरू लागतो. असे झालेच तर पकड सोडू नये; टाच जाणीवपूर्वक खाली दाबावी, एक दीर्घ श्वास सोडावा, थरथर थांबते. कड नसेल आणि नुसता उतरता कातळ असेल तर संपूर्ण तळवा सपाट टेकवावा आणि शरीर सरळ ठेवावे. भीतीने माणूस डोंगराकडे झुकतो, अंग कातळाला चिकटवतो, आणि त्यामुळे पायांवरचा दाब बाहेरच्या दिशेला जाऊन तळवे निसटतात. जितके सरळ उभे राहावे तितका बूट धरतो, ही गोष्ट मनाला पटण्याआधी शरीराला सवयीने शिकवावी लागते.

हात आणि पाय मिळून चार आधारांपैकी तीन नेहमी टेकलेले असावेत आणि एका वेळी एकच हलवावा. वजन पायांवर असावे. हात तोल राखण्यासाठी असतात. पकड घेण्याआधी दगडावर तळहाताच्या मुळाने थाप द्यावी. पक्का दगड ठक्क वाजतो, सुटा दगड भदभदीत, पोकळ आवाज करतो. शंका असलेल्या पकडीवर वजन टाकावेच लागले तर ते खाली दाबून टाकावे, दगड बाहेर ओढू नये. आपला बसाल्ट थराथरांचा आहे. दोन टणक थरांमधला मऊ थर झिजून गेल्यामुळे वरून भक्कम दिसणारी शिळा खालून मोकळी असू शकते. सह्याद्रीत आणखी एक मोह असतो तो कारवीचा. हिरवी कारवी वाकते, वाळलेली कारवी कटकन मोडते, आणि कातळाच्या भेगेत उगवलेल्या झुडपाची मुळे बोटभरच खोल गेलेली असतात. झुडपाला धरायचेच असेल तर अगदी मुळाशी, चार-पाच दांडे एकत्र धरावेत आणि त्यावर पूर्ण भार देऊ नये.

उतरताना सोप्या उतारावर तोंड दरीकडे ठेवावे, गुडघे वाकवून छोटी पावले टाकावीत. उतार वाढला की बाजूला वळावे, आणि पायऱ्या शिडीसारख्या उभ्या झाल्या की तोंड कातळाकडे करावे. बसून घसरत उतरण्याची सवय पुष्कळांना असते. ती मोडावी, कारण बसल्यावर पायांवरचा भार निघून जातो आणि पिशवी मागच्या कातळाला अडकून पुढे ढकलते.

आडव्या वाऱ्याचा अंदाज दोन-तीन झोत येऊन जाईपर्यंत थांबून घ्यावा. झोतादरम्यान खाली बसावे, मधल्या शांत वेळेत चालावे. वाऱ्याला रेलून चालणे धोक्याचे, कारण तो अचानक पडला की माणूस त्याच बाजूला कोलमडतो. उभे राहून तोल जात असेल तर त्या दिवशी ती धार आपली नाही.

बरोबरच्या व्यक्तीची हिंमत खचली तर तिला «काही होत नाही, ये» असे सांगून उपयोग होत नाही. एकानेच बोलावे, बाकीच्यांनी गप्प राहावे. शक्य असल्यास बोलणाऱ्याने तिच्या किंचित खाली, सुरक्षित जागी उभे राहून पुढची एकच पायखाच बोटाने दाखवावी आणि ती घेतल्यावर पुढची दाखवावी. तिची नजर दरीवरून काढून बुटाजवळच्या दगडावर आणली की श्वास आपोआप संथ होतो. तिला मागे फिरायचे असेल तर कोणीतरी अनुभवी तिच्याबरोबर परत फिरावे. एकटीला धारेवर बसवून बाकीच्यांनी माथ्यावर जाणे मला कोणत्याही कारणाने मान्य नाही. गटात सर्वांत हळू चालणाऱ्या व्यक्तीला पुढाऱ्याच्या लगेच मागे ठेवावे आणि घसाऱ्यावर एका वेळी एकानेच जावे.

दोराबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. कातळाला कोठेही न अडकवता दोघांनी एकमेकांना दोर बांधून चालल्याने सुरक्षितता वाढत नाही. एक घसरला की दुसराही जातो. दोर वापरायचा तर त्याला भक्कम आधार हवा आणि तो हाताळण्याचे शिक्षण हवे.

हिमालयातल्या धारा

येथवर सांगितलेले सर्व हिमालयात लागू होते, पण तेथे उंची, थंडी आणि बर्फ यांची भर पडते. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटते. सुमारे २,५०० मीटरपासून विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, आणि ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. धारेवर निघण्याच्या सकाळी प्रत्येकाने तळाजवळच्या सपाट जागी टाचेला बोटे लावत दहा-बारा पावले सरळ रेषेत चालून दाखवावे. डोके दुखत असताना ज्याला हे जमत नाही त्याच्या मेंदूवर उंचीचा परिणाम झालेला असू शकतो. त्याने धारेवर न जाता ताबडतोब खाली उतरले पाहिजे, सोबतीला माणूस दिला पाहिजे.

बर्फाच्या धारेवर माथ्याची रेषा धरून चालण्याचा नियम उलटा होतो. वाऱ्याने बर्फ पलीकडच्या बाजूला छज्जासारखे बाहेर वाढते, त्याला कॉर्निस म्हणतात, आणि वरून पाहणाऱ्याला आपण जमिनीवर आहोत की छज्जावर हे कळत नाही. तो तुटतो तेव्हा भेग अपेक्षेपेक्षा बरीच आत पडते, म्हणून वाऱ्याच्या बाजूने, माथ्यापासून चांगले खाली राहून चालावे. रात्री दोन-तीन वाजता निघण्याची पद्धत याचसाठी आहे: पहाटे बर्फ गोठलेले असते, दगड जागच्या जागी धरलेले असतात, आणि ऊन लागल्यावर दोन्ही सुटू लागतात. बर्फाच्या कुऱ्हाडीने (आइस अॅक्सने) स्वतःची घसरण थांबवणे वाचून येत नाही. उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था आणि दार्जिलिंगची हिमालयन पर्वतारोहण संस्था सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम घेतात. बर्फाच्या धारेचा विचार करणाऱ्याने आधी तो करावा, असे माझे ठाम मत आहे.

अडचण आलीच तर गिर्यारोहणात मदतीची रूढ खूण ठरलेली आहे. शिट्टी किंवा दिव्याने एका मिनिटात सहा वेळा खूण करावी, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा सुरू करावे; मिनिटाला तीन खुणा हे उत्तर असते. हेलिकॉप्टर आले तर दोन्ही हात वर तिरपे पसरून उभे राहणे म्हणजे मदत हवी, एक हात वर आणि एक खाली म्हणजे नको. ११२ हा क्रमांक भारतात आणि युरोपातही चालतो. आपल्या डोंगरांत मात्र सर्वांत आधी पोहोचतात ती पायथ्याची माणसे, म्हणून चढण्यापूर्वी गावातल्या एका घरी आपली संख्या, वाट आणि परतण्याची वेळ सांगून जावे, तीच माहिती ठाण्यात किंवा पनवेलला घरी ठेवावी, आणि उतरल्यावर दोन्हीकडे पोहोचल्याचे आवर्जून कळवावे.